आधी हात, मग हातोडी

काकांनी मला पहिला धक्का दिला तो आमच्याच घरात, आणि तोही पायातले बूट न काढता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मिशिगनमध्ये नोव्हायला आम्ही नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, आणि मी सिव्हिलची पदवी बॅगेत ठेवून पोळ्या लाटत बसलेली. मराठी मंडळात कुणीतरी सुचवलं की नागपूरचे एक काका इमारतींचं काँक्रीट तपासणाऱ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत, त्यांना जेवायला बोलवा, काम होऊन जाईल. मी दोन दिवस खपून भरली वांगी, मसालेभात, श्रीखंड असा सगळा घाट घातला. बेल वाजली. दारात एक उंच, वाळके गृहस्थ, डोक्याला कानटोपी, आणि मागे डबा घेतलेल्या काकू. मी "या, या" म्हणतेय तोवर गृहस्थ माझ्या शेजारून आत घुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि बेसमेंटचा जिना उतरून दिसेनासे झाले. खालून टक, टक, टक असा आवाज यायला लागला.

"मम्मी, व्हाय इज ही हिटिंग अवर हाउस?" माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं विचारलं.

"घाबरू नको हो," काकू म्हणाल्या. "ते आधी घर पाहतात, मग घरातली माणसं."

मी धावत खाली गेले. काका भिंतीला कान लावून, बोटाच्या पेरानं एकेक जागा वाजवत पुढे सरकत होते. एका कोपऱ्यात थांबले. तिथं आजूबाजूला वाजवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही भिंत खोटं बोलून राहिली. वरून गुळगुळीत, आत पोकळ. घरमालकाला सांगा." आमची ओळखही झालेली नव्हती. घर भाड्याचं असलं म्हणून काय झालं, आल्या आल्या असं कुणी बोलतं का? मला रागही आला आणि हसूही. दोन महिन्यांनी त्याच कोपऱ्यातून पाणी आत आलं, तेव्हा मात्र मी त्या भिंतीकडे बघतच राहिले.

जेवताना त्यांनी माझी मुलाखत घेतली. प्रश्न एकच होता.

"टरबूज कसं घेतेस?"

मी साताऱ्याकडची. आमच्याकडे कलिंगडवाला सुरीनं चौकोनी फोड काढून आतला लाल रंग दाखवतो. तसं मी सांगितलं.

"म्हणजे तो फळ विकून नाही राहिला, जखम विकून राहिला," काका म्हणाले. "फोडून तर कोणीही सांगेल बाप्पा. न फोडता सांगता आलं पाहिजे. सोमवारी ये ऑफिसात."

तेवढ्यावर माझी नोकरी पक्की झाली.

आमचं काम म्हणजे खरोखरच न फोडता सांगण्याचं. एखादी इमारत जुनी झाली, किंवा नव्या स्लॅबबद्दल शंका आली, की तिथं जायचं. काँक्रीटचा गोल तुकडा यंत्रानं कापून काढला तर ताकद नक्की कळते, पण इमारतीला भोक पडतं. त्याऐवजी आमच्याकडे एक हातोडी होती. नावाला हातोडी, दिसायला जाड पिचकारी. भिंतीला टेकवून दाबली की आतल्या स्प्रिंगवरचा दांडा काँक्रीटवर आपटून मागे उसळतो. जितका जास्त उसळला तितकं काँक्रीट कडक. आकडा बघायचा, जागा बदलायची, पुन्हा दाबायचं.

हे कुणालाही जमेल असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी मी हातोडी भिंतीला लावली आणि काकांनी माझ्या मनगटावर चापट मारली. भर साइटवर, चार गोऱ्या माणसांसमोर! माझ्या बापानं कधी माझ्यावर हात उगारला नव्हता.

"आधी हात, मग हातोडी," ते म्हणाले. "ओळख नाही, पाळख नाही, थेट ठोकून काय राहिली? हात लाव. ओली आहे का, खरखरीत आहे का, गार आहे का, बघ. मग विचार तिला."

काँक्रीटला ते नेहमी "ती" म्हणत. ती भिंत, ती स्लॅब, ती तुळई इथपर्यंत ठीक होतं, पण खांबालासुद्धा "ती" म्हणायचे. एका जागी दोनदा ठोकायचं नाही, कारण "एकदा विचारलं, तिनं सांगितलं, आता काहून छळायचं?" चांगलं काँक्रीट निघालं की त्यावर पेरानं दोनदा वाजवायचे आणि म्हणायचे, "खणखणीत." हा त्यांचा शिक्का. कंपनीच्या रबरी शिक्क्यापेक्षा कंत्राटदार या शब्दाची वाट जास्त बघत. बऱ्याच अमेरिकन मुकादमांना मराठीतला तेवढा एकच शब्द येत होता.

वाजवायचं त्यांना वेडच होतं. इंडियन ग्रोसरीत टरबुजांच्या ढिगासमोर उभे राहिले की दुकानातल्या बायका आपापली फळं त्यांच्याकडे घेऊन यायच्या. वाढदिवसाला केक कापायची वेळ आली की काका खोलीबाहेर. कुणाच्याही घरी गेले की भिंती, पायऱ्या, गॅरेजची फरशी, सगळं वाजवून व्हायचं, आणि वर जे ऐकू आलं ते जसंच्या तसं यजमानाच्या तोंडावर. एका गृहप्रवेशाला पन्नास माणसांत त्यांनी यजमानीणबाईंना सांगितलं, "तुमच्या पोर्चचा खांब फसवा आहे, त्याच्याखाली फोटो नका काढू." त्या बाईंनी पुढं वर्षभर काकूंशी अबोला धरला. मी काकांना म्हटलं, अहो, तुम्हाला नुसतं "छान आहे" म्हणून गप्प बसता येत नाही का? ते खरंच विचारात पडले. "नाही येत ना बाई," म्हणाले. "घशातच अडकते."

काकू हसत सांगायच्या, "मला पाहायला आले होते तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण तिची दाढ किडलेली दिसते, दाखवून घ्या. माझे बाबा उठून जायला निघाले होते. मीच म्हटलं, थांबा, ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही, असा पुन्हा मिळायचा नाही."

काकू विहारात जाणाऱ्या, रविवारी वंदनेला न चुकणाऱ्या. काका कधी जात, कधी नाही. पण दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीलाही त्यांनी आणल्या दिवशी पेरानं वाजवून पाहिलं होतं. "पारखल्याशिवाय मानू नका असं त्यांनीच सांगून ठेवलंय, मी काय करू?" हे त्यांचं समर्थन. मी सर्द झाले होते, काकू मात्र खो खो हसत होत्या.

या सगळ्या तऱ्हेवाईकपणात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. ती म्हणजे त्यांची हिवाळ्यातली तपासणी.

ताजं काँक्रीट कडक व्हायच्या आत गोठलं, तर त्यातलं पाणी बर्फ होतं आणि सिमेंटचं काम अर्धवट राहतं. पण वरून ते दगडासारखं लागतं. हातोडी त्यावरून मस्त उसळते, आकडा झकास येतो. ती ताकद काँक्रीटची नसते, बर्फाची असते. ऊन आलं, हीटर लागला की बर्फ उतरतो आणि ताकदही उतरते. म्हणून काका कडाक्याच्या थंडीत हातमोजा काढून उघडा तळवा काँक्रीटला लावून ठेवायचे. आपल्या हाताच्या उबेनं ती जागा ओलसर झाली, तळव्याला राखाडी चिखल लागला, तर समजायचं की हे बर्फाच्या जिवावर उभं आहे. पुस्तकात हे असं लिहिलेलं नव्हतं. पुस्तक म्हणत होतं की तापमान बघा आणि गोठलेलं असेल तर तपासू नका. काका म्हणत, थर्मामीटर वरची कातडी सांगतो, हात आतलं सांगतो.

या हट्टापायी एका जानेवारीत त्यांच्या उजव्या हाताची बोटं हिमदंशानं काळीनिळी पडली. इमर्जन्सीत नेलं. डॉक्टर म्हणाले की या वेळी वाचली, पुन्हा असं झालं तर दोन बोटं कापावी लागतील. मी तिथंच होते. काकूंनी त्यांचा बँडेज बांधलेला हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "बाहेर थंडीत हातमोजा काढणार नाही, म्हणा. माझी शपथ." काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "नाही काढणार." मला वाटलं होतं, घरी जाईस्तोवर विसरतील. पण त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं तसं दिलेला शब्द मोडताही येत नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

आसपासच्या भारतीय संस्थांनी मिळून एक जुनं गोदाम घेतलं होतं आणि त्याचा हॉल करायचं चाललं होतं. आत मागच्या बाजूला खांबांवर काँक्रीटचा पोटमाळा घातला. खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची टेबलं, वर मुलांचे क्लास. हे काम डिसेंबरात झालं. गोदामाला तेव्हा हीटिंग नव्हतं, म्हणून कंत्राटदारानं स्लॅबखाली ताडपत्री बांधून गॅसचे हीटर ठेवले होते. नाताळच्या सुट्टीत कामावर कुणी नव्हतं, त्या दिवसांत हीटरचा गॅस संपला आणि ते बंद पडले. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आमच्या लॅबमध्ये त्याच काँक्रीटचे नमुने होते, पण ते उबेत वाढलेले, त्यामुळे छान पास झाले.

जानेवारीच्या सुरुवातीला काका आणि मी तपासायला गेलो. इतकी थंडी होती की खिशातला थर्मामीटर बंद पडला होता आणि बोलताना दात वाजत होते. काका पहिल्या खांबापाशी गेले. सवयीनं उजव्या हातमोज्याचं टोक दातांत धरलं. आणि थांबले. माझ्याकडे पाहून ओशाळं हसले.

"शपथ आहे ना बाई."

"मी लावू का हात?" मी विचारलं.

"तुझी बोटं गेली तर तुझ्या नवऱ्याला मी काय तोंड दाखवू? राहू दे. हीटर होते ना रात्रंदिवस."

मग त्यांनी हातोडी लावली. आकडे झकास आले. एकेक खांब, तुळया, वर जाऊन स्लॅब, सगळीकडे झकास. काकांनी पेरानं दोनदा वाजवलं, मोज्यातल्या मोज्यात, आणि म्हणाले, "खणखणीत." स्लॅबखालचे टेकू काढायला परवानगी मिळाली.

पुढच्या रविवारी दुपारी त्याच हॉलमध्ये मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. नवं हीटिंग शुक्रवारपासून फुल्ल ठेवलेलं, कारण बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी बायकांना काळ्या साड्या स्वेटरशिवाय मिरवायच्या होत्या. मीही त्यातलीच. पोटमाळ्याखाली तव्यावर गुळाच्या पोळ्या पडत होत्या, काकू भाजत होत्या. वर मुलांची लेझीम चालली होती. वीस-पंचवीस मुलं एका ठेक्यात उड्या मारत होती आणि त्यांत माझी लेक होती.

काका तीळगूळ घेऊन आले. माझ्या हातावर ठेवला, "गोड बोला" म्हणाले, आणि बोलता बोलता शेजारचा खांब वाजवला.

त्यांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरणं म्हणजे काय ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी पुन्हा वाजवलं, त्याच जागी. एका जागी दोनदा! मग उघडा तळवा खांबाला लावला. तळवा काढला तो ओला होता आणि त्याला राखाडी चिखल लागला होता. मी वर पाहिलं. स्लॅबच्या पोटाला घाम आल्यासारखे थेंब जमले होते. आम्हाला सगळ्यांना ती स्वयंपाकाची वाफ वाटली होती.

काका दोन ढांगांत काकूंजवळ गेले, त्यांच्या हातातलं उलथनं ओढून घेतलं आणि परत येऊन खांबात खुपसलं. ज्यांनी आयुष्यात कशाला ओरखडा काढला नाही, केकवर सुरी चाललेली ज्यांना बघवत नव्हती, त्या माणसानं. उलथनं शिऱ्यात जावं तसं आत गेलं. चांगलं चार बोटं. मी किंचाळायला तोंड उघडलं.

"ओरडू नको," ते माझ्या कानाशी म्हणाले. "पळापळ झाली तर सगळं खाली येईल. इथल्या लोकांना बाहेर काढ. मी पोट्ट्यांना आणतो."

मी काकूंना आणि बायकांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की काका जिन्याच्या तोंडाशी उभे आहेत आणि अगदी खेळकर आवाजात म्हणताहेत, "न्यू गेम! एव्हरीबडी फ्रीझ!"

वरचा ठेका थांबला.

"लेझीम खाली ठेवा, आवाज न करता. आता मांजरीसारखं एकामागून एक खाली यायचं. ज्याचा आवाज होईल तो आउट."

"बट अंकल, वुई हॅवंट फिनिश्ड," एक मुलगी म्हणाली.

"फिनिश नंतर करू. फर्स्ट कोण येते?"

मुलं चवड्यांवर, खुसखुसत, एकेक करून उतरायला लागली. जिना संपला की काका प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत आणि दाराकडे वळवत. सगळ्यांत शेवटी माझी लेक. ती निम्म्या जिन्यावर आली आणि गर्रकन मागे फिरली. "आय फरगॉट माय लेझीम!" आणि धडधडत वर.

काकांनी हाक मारली नाही. त्यांनी बूट काढले, मोज्यांनिशी जिना चढले आणि मला दिसेनासे झाले. वरून एक बारीक, करकरणारा आवाज आला. स्लॅबच्या पोटावर केसासारखी एक रेघ उमटली आणि माझ्या डोळ्यांदेखत लांब होत गेली. नवरा मला दंडाला धरून बाहेर ओढत होता आणि मी त्याला मारत होते. मग काका दिसले, लेक त्यांच्या कडेवर, लेझीम तिच्या हातात. ते इतक्या हळू उतरत होते की मला त्यांचा राग आला. लेक माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आवाज केला नाही तिनं. जिंकली."

वाटलं, आता संपलं. पण काका परत आत! त्यांनी हीटिंग बंद केलं आणि गोदामाची सगळी दारं, मालाची मोठी शटरंसुद्धा, उघडून टाकली. बर्फाचा वारा आत घुसला. मंडळाचे अध्यक्ष तोवर भडकले होते.

"काका, डोकं फिरलंय का तुमचं? पब्लिक बाहेर कुडकुडतंय, सगळा प्रोग्राम स्पॉइल केलात, आणि आता हीटिंग पण ऑफ? व्हॉट इज धिस, यार!"

"गारठू द्या तिला," काका म्हणाले. "ह्या थंडीनंच मला फसवलं. आता तिच्याचकडून टेकूचं काम करून घेतो."

पार्किंगमध्ये गाड्यांची इंजिनं चालू ठेवून लोक आत बसले होते, काचांवर वाफ धरलेली. काका मधोमध उभे राहिले, पायांत नुसते ओले मोजे, आणि मोठ्यानं म्हणाले, "ऐका. हा माळा मी पास केला होता. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही." मला त्या वेळी स्लॅबच्या धक्क्याइतकाच त्या वाक्याचा धक्का बसला, कारण काकांच्या तोंडून "चूक" आणि "माझी" हे शब्द एकत्र मी कधी ऐकले नव्हते.

संध्याकाळपर्यंत कंत्राटदाराची माणसं टेकू घेऊन आली. थंडीनं पुन्हा गोठलेला पोटमाळा तोवर तसाच राहिला होता, मधोमध वीतभर खाली वाकून. पुढच्या आठवड्यात तो उतरवला, तेव्हा मजुरांना घण लागला नाही. बरंचसं काँक्रीट फावड्यानं निघालं.

कंपनीत चौकशी झाली. आमचे मालक, एक अमेरिकन म्हातारे, काकांना वाचवायला बघत होते. हीटर बंद पडल्याचं कंत्राटदारानं लपवलं, थर्मामीटर थंडीत बंद पडला, तुम्ही तरी काय करणार? काकांनी नकारार्थी मान हलवली. "हीटर त्यांचे, पण हात माझा. मी दर हिवाळ्यात उघड्या हातानं तपासतो. त्या दिवशी तपासलं नाही."

"का नाही तपासलं?" मालकांनी विचारलं.

मी काकांकडे पाहत होते. आता शपथ, काकू, हिमदंश, सगळं निघणार. कुणीही समजून घेतलं असतं.

"आळस," काका म्हणाले.

मी बोलायला लागणार तोच त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. त्या महिन्यात त्यांनी साइटवर जाणं सोडलं, रिपोर्टवर सही करणं सोडलं, आणि निवृत्तीपर्यंत लॅबमध्ये नमुन्यांवर तारखा घालत बसले. मंडळात त्यांना "उलथनं काका" नाव पडलं. पोटमाळा शेवटी पडला तर नाहीच, मग एवढा तमाशा कशाला केला, असंही म्हणणारे निघाले. काका ऐकून घ्यायचे. वाजवणं मात्र बंद झालं. ग्रोसरीत बायका टरबूज पुढं करायच्या, तर ते हात मागे बांधून म्हणायचे, "कापून घ्या, बाप्पा."

काही वर्षांनी ते दोघं मुलाकडे, टेक्सासला अर्विंगला कायमचे राहायला निघाले. मी त्यांना निरोपाचं जेवण केलं. बेल वाजली, काका आले, बूट काढून नीट लावले आणि सोफ्यावर बसले. बेसमेंटच्या जिन्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जेवणानंतर काका संत्री सोलत बसले होते. काकू सामानाचं सांगत होत्या आणि सांगता सांगता एकदम म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र मी ह्यांना माफ नाही करणार. माझी शपथ मोडली ह्यांनी."

"कसली शपथ?" मी विचारलं.

"हातमोज्याची. त्या हॉलची तपासणी केली तेव्हा हातमोजा काढला होता म्हणे. हात लावून पाहिलं आणि तरी कळलं नाही. मला स्वतः सांगितलं ह्यांनी. एवढी माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, ती मोडली ती मोडली, वरून चुकले पण! मी म्हटलं, मग काय उपयोग झाला?"

हा माणूस, ज्याच्या घशात "छान आहे" एवढंसं अडकायचं, तो बायकोशी खोटं बोलला होता. इतकी वर्षं रोज तिचं हे बोलणं ऐकत होता. शपथ मोडणारा, वर हात कच्चा झालेला माणूस म्हणून तिच्यासमोर वावरत होता. तिनं घातलेल्या शपथेमुळेच तो पोटमाळा पास झाला होता, हे तिला कधी कळू नये म्हणून. माझी मुलगी वरच्या खोलीत फोनवर मैत्रिणीशी हसत होती आणि ते हसणं मला ऐकू येत होतं.

"तू होतीस ना बरोबर?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम उतरला होता. "मला कधी कधी वेगळंच वाटते. रात्रीची झोप लागत नाही. खरं सांग बाई. काढला होता का ह्यांनी हातमोजा?"

काका संत्र्याच्या शिरा काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांची बोटं थांबली. दहाच्या दहा, धडधाकट.

"काढला होता, काकू," मी म्हटलं. "मी सांगत होते, नका काढू. ऐकतात का ते?"

काकूंनी मोठा श्वास सोडला. "तेच ना!" म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसून डबे भरायला आत गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. काकांनी सोललेलं संत्रं अर्धं करून माझ्या हातावर ठेवलं. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी बोट वाकवलं, टेबलावर पेरानं दोनदा वाजवलं आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "खणखणीत."